खोल्यांची तोंडं

लॉन्ड्रीच्या रांगेत माझ्यापुढे दोन जावा उभ्या होत्या. थोरलीने धाकटीचं गाठोडं उचकून पाहिलं.

"अगं, चादरींना एवढा चिखल कसला?"

"तुमच्या दिरांची कृपा, ताई. आमच्या लॉजच्या नव्या बाथरूमचा चर खणताना जुनी भिंत लागली. गुपचूप बुजवायची की नाही? तर स्वतः फोन करून पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. विकतचं दुखणं."

"ऐन सीझनमध्ये?"

"ऐन सीझनमध्ये. दोन हजार वर्षं पडून होती ती भिंत, सुट्ट्या संपेपर्यंत पडून राहिली नसती? आता अंगणभर दोऱ्या बांधल्यात आणि माझ्या धुतलेल्या चादरींवर खापरं वाळत घातलीत."

"आणि पाहुणे?"

"गेले समोरच्या लॉजवर. जाताना ऐकवून गेले, तसाही तुमच्या एकाही खोलीतून समुद्र दिसत नाही."

"बांधकामाच्या वेळी घसा फोडून सांगत होते मी, खोल्यांची तोंडं समुद्राकडे करा. दोघे भाऊ म्हणाले, वाऱ्याने दारं आपटतात."

"पुढचं ऐका. ती भिंत सराईची निघाली. सराई म्हणजे तेव्हाचं लॉजच. जहाजातून उतरलेले व्यापारी राहायचे म्हणे. ओळीने खोल्या, आणि सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. तेव्हापासून हे छाती काढून फिरतायत. म्हणतात, बघ, तेव्हाच्या लोकांनाही अक्कल होती."

"एकाही बाईने सांगितलं नसेल का गं तेव्हा, समुद्राकडे वळवा म्हणून?"

"सांगितलं असेल, ताई. चादरी धुता धुता सांगितलं असेल."