शेळ्यांसह सरकलेला गोठा

नाव रंगनाथ कोंडीबा दरेकर, वय ६१ वर्षे, धंदा शेती, राहणार बोरमळा, ता. श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, पोलिसांनी विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी बनुबाईसह राहतो. मुलगा ओम पुण्याला नोकरीस आहे. शेजारी स्टीफन साळवे व त्याची पत्नी दीना राहतात. स्टीफन आणि मी शाळेपासूनचे सोबती आहोत.

मागील वर्षी स्टीफनने शेळ्यांसाठी लाकडी मेढींवर पत्र्याचा गोठा उभा केला, तो माझ्या भिंतीला अगदी चिकटून. पत्र्यावरचं पाणी माझ्या भिंतीत मुरू लागलं. मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "वाळंल की भिंत." यावरून आमचं बोलणं बंद झालं. आवारात गोठा बांधायचा तर शेजारच्या हद्दीपासून पाच फूट मोकळे सोडायचे, असा नियम आहे. म्हणून मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. त्याला चार गोष्टी सुनावतील, एवढीच माझी अपेक्षा होती. नोटीस मात्र आली की, रविवारपर्यंत गोठा हटवा, नाहीतर पाडू. दीनावहिनींचा संसार त्या शेळ्यांवर चालतो. नोटीस आल्यापासून मला जेवण गेलं नाही, पण अर्ज मागे घ्यायलाही मी गेलो नाही. नियम तो नियम.

आज रविवारी चर्च सुटल्यावर स्टीफनने "छपराला हात लावा" अशी हाक दिली. आमच्याकडे ही हाक आली की छप्पर उचलून हलवायला घरटी एक माणूस जातो, भांडण असलं तरी. मी ओट्यावर बसून होतो. बनुबाई म्हणाली, "तक्रार तुमी केली, मग पयला हात बी तुमीच लावा." मी गेलो.

मेढी उकरून मोकळ्या केल्या आणि सगळ्यांनी मिळून अख्खा गोठा उचलला. शेळ्या आधी बाहेर काढाव्यात हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. पण शेळ्या शहाण्या. सावली सरकली तशा त्याही खालून चालत राहिल्या. हसू आवरेना, त्यामुळे गोठा मध्येच टेकवावा लागला. माझ्या शेजारची मेढ स्टीफनच्या हातात होती. तो म्हणाला, "रंगा, दमला का?" मी म्हणालो, "न्हाई. तू चाल." वर्षभरानंतरचं आमचं हे पहिलं बोलणं. मला फार आनंद झाला.

ओमने माझ्या घराला कॅमेरा बसवला आहे. त्याने पुण्यात मोबाईलवर जमाव पाहिला, त्यात पत्र्याखाली मी दिसलो, म्हणून घाबरून त्याने ११२ ला फोन केला. हवालदार आले तेव्हा गोठा पुन्हा उचललेला, अधांतरी होता. खुलासा करत बसायला कोणाला उसंत नव्हती, म्हणून त्यांनीही एक मेढ धरली. हे लिहू नका असं ते म्हणतात, पण घडलं ते लिहावं.

टेप लावला, पाच फूट भरले. त्या मोकळ्या जागेत दीनावहिनींनी बाज टाकली व चहा आणला. मी आणि स्टीफन ऊन चढेपर्यंत तिथेच बसलो.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. ते पाच फूट मोकळेच ठेवायचे असा नियम असल्याचे मला माहीत आहे. बाज मात्र उद्याही तिथेच राहील.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात चहा राहून गेला होता, तो घालायला लावला. आता सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. स्टीफन बाहेर गाडीवर खोळंबला आहे, म्हणून सही करून निघतो.