आढं खांद्यावर

हलू नका! — नाही, तुमच्यावर ओरडलो नाही, मिस्टर हॉलिस, माफ करा — पण हलू नका. आढं खांद्यावर नीट बसलंय ना? मानेवर नको. हां, असं. तुम्ही कुंपणापलीकडे दिसलात म्हणून बरं, नाहीतर शेडचं अख्खं छप्पर माझ्या टाळक्यात आलं असतं. मागची भिंत काढायच्या आधी आढ्याला टेकू द्यायचा असतो, कळतं हो मला, दिलाही होता — ठोकायला गेलो आणि उभा तडकला मेला. आता दुसरा कापतो, हा बघा, लागलोच. इतके दिवस शेजारी आहात, कधी काही मागितलं तुमच्याकडे? साधी शिडीसुद्धा नाही. आपल्याकडे मागतं कोण? भिंत अंगावर आली तरी माणूस म्हणणार, छान चाललंय, धन्यवाद. — जड आहे? असणारच, ओलं झालंय ते. आणि ते ढग बघा, नेमके आजच यायचे होते.

काय म्हणालात? कशासाठी म्हणजे — लेथसाठी वाढवतोय. लाकूड कातायचं यंत्र हो, जुन्या भागात मावत नाही. आमच्या हिला, ग्लेनिसलाही तेच सांगितलंय — म्हणजे तेच आहे, म्हणून तेच सांगितलंय. — भिंतीत ऊब धरायची लोकर कशाला? बरीच बारीक नजर आहे तुमची. ओलीनं गंजतं ना लेथ. यॉर्कशायरची ओल, लोखंडाचं सोडा, माणसाची हाडं गंजतात. आणि खिडकी खाली घेतलीय ती — पडल्यापडल्या बाग दिसावी म्हणून — बसल्याबसल्या. बसल्याबसल्या म्हणतोय मी. काम करताना.

असं बघू नका माझ्याकडे. ठीक आहे. झोपायला आहे. क्रेगसाठी, माझ्या मुलासाठी. सोमवारी सुटतोय तो. — तुरुंगातून, आणखी कुठून सुटणार? ग्लेनिस म्हणाली, या घरात मी त्याला पाऊल टाकू देणार नाही. घरात, म्हणाली. बागेचं नाव नाही घेतलं तिनं, आणि मीही विचारलं नाही. विचारलं की नाही म्हणते ती, इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं शिकलोय. — कौन्सिलची परवानगी? माहितीय मला. शेडमध्ये अवजारं ठेवायला नाही लागत, माणूस ठेवायचा तर लागते. म्हणून तर लेथ! तुम्ही कौन्सिलला एक फोन केलात की संपलं, आणि त्याला दुसरं दार नाही. मागल्या खेपेला सुटला तेव्हा बसस्टँडवर झोपायचा, जानेवारीत, आणि मी इथे गादीवर पडून छताकडे बघत होतो. या वेळी नाही. या वेळी मला नाही जमणार. पोरगं वाईट नाही हो, चोऱ्या केल्या, केल्या, पण अंगाला हात नाही लावला कुणाच्या. मिसेस डॉबसनच्यासुद्धा नाही — ती त्याला बघून घाबरली आणि जिन्यावरून आपली आपण —

कोण म्हणजे? तुमच्या आधीची म्हातारी. तुमच्याच जिन्यावरून. — तुम्हाला माहीत नव्हतं? घर दाखवणारा काही बोलला नाही? मग ते इतकं स्वस्तात कसं मिळालं असं वाटलं तुम्हाला? — नाही, मला तसं नव्हतं म्हणायचं —

हलू नका! मिस्टर हॉलिस, लेकरं लहान आहेत तुमची, मला दिसतात ना रोज, झोक्यावर — मी त्याच्यासोबत असेन, सकाळ-संध्याकाळ, नजरेआड होऊ देणार नाही — थोडंसंच राहिलंय कापायचं — बरं. बरं! जा. थांबा, आधी मला खाली शिरू द्या. सरका. आलं, आलं खांद्यावर. निघा तुम्ही. फोन करायचा तर करा. फाटक ओढून घ्या, कुत्रं बाहेर पळतं.

गेला. नुसता गेला. करवत तिकडे राहिली.

ग्लेनिस! अगं ए ग्लेनिस! जरा बाहेर ये! — नाही, पडलो नाही, अजून तरी नाही. ती करवत दे इकडे, आणि ते लाकूड — हॉलिस होता. का गेला ते जवळ ये म्हणजे सांगतो, सगळ्या गल्लीला ऐकवायचं नाहीये. — ये ना. — बरं, तिथूनच ऐक. लेथ नाहीये, ग्लेनिस. लेथ घेतलंच नाही मी. सोमवारी आपला क्रेग येतोय. घरात नाही, इथे, तुला दिसणारही नाही तो, ताट मी आणून देईन —

आत जाऊ नकोस. ग्लेनिस, मला हात काढता येत नाहीत गं. दार लावू नकोस. ग्लेनिस?