टिटवीनं अडवलेला रस्ता

मंडळी, जरा सरकून बसा, मागच्यांना जागा द्या. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. सातबाऱ्यावर ज्याचं नाव नाही, त्याला घर असतं की नाही? लगेच माना हलवू नका, आधी ऐका.

आपल्यासारखाच एक तालुका. चौपदरी रस्ता आला, कंपन्या आल्या, माळाला भाव आला. तिथले सर्जेराव भोईटे, धंदा प्लॉटिंगचा. माणूस वाईट नाही हं — देवळाची फरशी त्यांनीच दिली. पण मोकळी जमीन दिसली की हात शिवशिवायचे. मी पुढच्या रांगेकडं बघत नाहीये, घाबरू नका!

त्यांनी गावाबाहेरचा माळ घेतला. आखणीच्या दिवशी तिथं रेहाना अत्तार आल्या — कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. तालुक्यात रानजीव कुठं राहतात, कुठल्या जागा राखायच्या, हे बघायचं काम त्यांच्याकडं होतं.

सर्जेराव म्हणाले, "मॅडम, इथं काय बघणार? नुसती कुसळं. जागा रिकामी आहे."

"असेल. थोडं बसू या का?"

बसले छत्री उघडून. पण सर्जेरावांना कुठला धीर? उठले, पांढरी फक्की घेतली आणि रस्त्याची रेघ मारत निघाले.

तोच टिव-टिव-टिटिव करत टिटवी अशी अंगावर आली, की टोपीच खाली! "अपशकुनी मेली," म्हणत टोपी झटकतात, तर ती समोर उतरून पंख फरफटत लंगडायला लागली.

"अरेरे, पंख मोडला वाटतं," म्हणत हे उचलायला गेले. ती पुढं, हे मागं. थेट बांधापर्यंत नेलं, आणि भुर्रकन उडाली — धडधाकट!

"मॅडम, हे काय झालं?"

"अंडी तिकडं राहिली. तुम्हाला लांब काढलं तिनं."

सर्जेराव हसायला लागले. का? अहो, गिऱ्हाइकाला नाला दिसू नये म्हणून हेही त्याला असंच गप्पा मारत बागेकडं न्यायचे. आज त्यांचंच गिऱ्हाईक झालं.

मग दोघं जपून परत आले. माळाच्या खालच्या अंगाला चार अंडी, खड्यांत खड्यासारखी. वीतभर अंतरावर सर्जेरावांच्या बुटाचा ठसा. हसू गेलं. खाली बसले आणि हळूच विचारलं, "अजून कोण राहतं इथं?"

मॅडमनी खोकडाचं बीळ दाखवलं, गवताच्या बुडाशी चंडोलाचं घरटं दाखवलं.

"पिलं उडाली की मग रस्ता केला तर?"

"पुढच्या वर्षी ती परत आली, तर कुठं बसेल?"

सर्जेराव उठले. घरी येऊन बायकोला, इंदूताईंना, म्हणाले, "खालच्या अंगाला प्लॉट पाडायचे नाहीत. रस्ता वरच्या अंगानं नेतो."

"अहो, आणि जावईबापूंना तिथला कोपरा कबूल केलाय, त्याचं काय?"

"तिथं आधीच बुकिंग झालंय."

"कुणाचं?"

"नवरा-बायको आहेत. चार पोरं व्हायचीत."

अर्ध्या माळावर घरं झाली, अर्धा माळ राहिला. जावई दिवाळीला फुगून बसले, ते बसले.

हसलात ना, मंडळी? आता या मंडपामागच्या ओढ्याकडं चला. त्याच्या दरडीत खंड्याची बिळं आहेत, आणि आपल्या दुपारच्या पंगतीच्या पत्रावळी बरोबर त्यांच्या तोंडाशी टाकल्यात. येताना पाहिलं मी. उठा, आधी त्या उचलून या. आरती थांबेल. देव कुठं जात नाही.