मागे दडलेला प्रश्न

दवाखान्याच्या नोंदणी काउंटरवर माझ्यापुढे बहीण-भाऊ होते. त्यांचे वडील बाकावर कण्हत बसले होते, डॉक्टर एक वाजता निघणार होते आणि काउंटरवरच्या बाईंचा संगणक अडकला होता.

“ताई, ही माणसं उगाच बटणं बडवतात. आमचा प्रोग्रॅम अडकत नाही.”

“मोठा आलास शहाणा! तूच लिहिलायस ना? मग सोडव.”

“बाई, जरा माउस द्या. हे बघ, ‘नोंद जतन करू का?’ ही छोटी विंडो मोठीच्या मागे गेलीय. उत्तर दिल्याशिवाय मोठी हलत नाही.”

“प्रश्न विचारायचा आणि पाठीमागे दडून बसायचं? शाबास!”

“छोटीला मोठीशी जोडायचं राहिलंय गं. एका ओळीचं काम.”

“आम्ही दोनदा कळवलं होतं, साहेब. उत्तर आलं, आधी कर्मचाऱ्यांना संगणक शिकवा.”

“कोणी पाठवलं रे ते उत्तर?”

“ताई, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. बाई, आमच्या बाबांची नोंद?”

“आत्ता झाली. पण एक वाजून गेला, डॉक्टर निघाले. उद्या या.”

“जा, बाबांना तूच सांग. आणि समोर उभा राहून सांग.”