मोलकरणीच्या खोलीतील चिनी मातीचे भांडे फुटल्याबाबत

मी, गल्लीत शिवणबाई म्हणून ओळखली जाणारी, वय ५१ वर्षे, धंदा कपडे शिवणे, राहणार पुलापलीकडे आईसोबत, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

टेकडीवरचा जुना बंगला दर वसंतात काही दिवस लोकांना पाहायला खुला असतो. पूर्वी फक्त मालकांच्या खोल्या दाखवत. आता नोकरांच्याही दाखवतात, आणि प्रत्येक खोलीत कोणीतरी त्या काळच्या माणसाचे सोंग घेऊन बसते. पाहुण्यांनी काहीही विचारावे, सोंग न सोडता उत्तर द्यावे, अशी तिथली पद्धत आहे. ही सगळी मांडणी माझ्या मैत्रिणीची. ती जुन्या घरांतल्या कामकऱ्यांच्या आयुष्याचा अभ्यास करते. आमची मैत्री शाळेपासूनची असून माझ्या घरी ती चहा स्वतःच करून घेते.

माझी आई लग्नाआधी त्या बंगल्यात मोलकरीण होती. म्हणून मीच मैत्रिणीला आईपाशी आणून बसवले. हिवाळाभर ती दुपारी येत असे. त्या वेळी मी दुकानात असे. सोंगांचे कपडेही मीच शिवले. मोलकरणीचा झगा पोटाकडे चांगला सैल ठेव, असे तिने सांगितले होते. ते काम करणारी बाई अंगाने भरलेली असेल, असे मी धरून चालले.

रविवारी तिने आम्हाला आग्रहाने बोलावले. आईची चाकांची खुर्ची माडीवर न्यायला दोन माणसे दिली, आम्हाला पुढे जागा दिली. खोलीत मी शिवलेला झगा घालून बसलेली मुलगी काडीसारखी होती. झग्याच्या आत उशी होती. धाकट्या मालकांपासून आपल्याला दिवस गेले, असे ती सांगत होती. सांगता सांगता तिने उशी काढून पलंगावर ठेवली. मुलगा झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन गेले, असे म्हणाली. लोक हळहळले. एका पाहुणीने विचारले, की बाळ नेले कुठे.

मुलगी म्हणाली, "काय माहीत. आमच्यासारख्यांनी विचारायचं नसतं."

माझी आई म्हणाली, "विचारलं होतं मी."

मला भाऊ आहे हे मला तेव्हा कळले. मैत्रीण दाराशी उभी राहून डोळे पुसत होती, पण चेहऱ्यावर समाधान होते. माझे डोके फिरले. तोंड धुण्याचे चिनी मातीचे भांडे मी उचलून फेकले. ते तिला लागू नये असा माझा हेतू होता असे मी म्हणणार नाही. नेम चुकला. काही पाहुण्यांना तोही खेळाचाच भाग वाटला व त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मैत्रीण म्हणते, आईने परवानगी दिली होती. पण ती परवानगी "माझ्या मुलीला कळू देऊ नकोस" या अटीवर दिली होती, हे आईनेच घरी सांगितले. मग मला का नाही सांगितलेस, असे मी विचारले. आई म्हणाली, "परक्या माणसाला सांगणं सोपं जातं." मी मैत्रिणीला परकी मानले नव्हते. तिने माझा केसाने गळा कापला. आईचाही राग आला आहे. तो लिहून घेऊ नये.

भांड्याबद्दल जी शिक्षा होईल ती मान्य आहे. एकच विनंती आहे. हाती घेतलेला शोध अर्धवट सोडण्याचा मैत्रिणीचा स्वभाव नाही, त्यामुळे मुलगा कुठे नेला हे तिने शोधलेले असणार. आई सारखी विचारते आहे. मी त्या बाईशी जन्मात बोलणार नाही, तेव्हा पोलिसांनी तिला विचारून आम्हाला कळवावे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे, बरोबर आहे. लिहू नये म्हटलेले वाक्यही राहू द्यावे.