बिनकिडीची वांगी

नाही, उन्नती, कमळीला परत गेटपाशी बसू द्यायचं की नाही हे मी एकटी कशी ठरवणार — सोसायटी ठरवते. आता अध्यक्ष मीच आहे, ही गोष्ट वेगळी. तू बस ना, चहा घे. नायगावात एवढे टॉवर उभे राहिले, पण आपल्याइतकी जागरूक सोसायटी दुसरी दाखव मला. कमळी वाईट असं मी कधी म्हटलं? वटार गावाहून टोपली घेऊन यायची, भाजी ताजी, तोंडाने गोड. पण वांगी — एकही किडकं निघेना गं. मग माणसाला शंका येणारच. त्यात ग्रुपवर उंदरांचा फोटो आला, अंगभर गाठी — जीएम खाऊन झाल्या म्हणे. जीएम म्हणजे ते पिकाची जनुकं बदलतात ते, कीड लागू नये म्हणून वगैरे. मी कमळीलाच विचारलं, कीड कशी नाही? तर म्हणते, "किडकी आमी घरीच खातो, बाय, तुमाला चांगली आनतो." असं कोणी करतं का? मी दुसऱ्या दिवशी गेटवर फलक लावला — जीएम भाजीला मनाई.

आणि उलटली कोण? माझी सून. क्षितिजा त्यातलंच शिकलीय, प्रयोगशाळेत असते — भर मीटिंगमध्ये उभी राहिली. म्हणे, आई, आपल्याकडे जीएम वांगं विकायला परवानगीच नाही. म्हणे, जगात ज्या जीएम पिकांना मंजुरी मिळाली ती वर्षानुवर्षं तपासलीत, साध्या पिकांपेक्षा ती खाण्यात जास्त धोका आढळलेला नाही; प्रत्येक नवं वाण मात्र वेगळं तपासायला हवं. मी तो 'मात्र' धरला — म्हटलं, मात्र आहे म्हणजे शंका आहेच. टाळ्या पडल्या मला. उंदरांचं म्हणाली, त्या जातीला तशाही गाठी होतात, आणि तो फोटो ज्या अभ्यासातला, तो अभ्यास छापणाऱ्यांनीच मागे घेतला. मागे घेतला म्हणजे कोणीतरी दबाव आणला असणार — नाही का? मग म्हणते, आई, तुमचं इन्सुलिनसुद्धा जनुकं बदललेल्या जंतूंकडूनच बनवून घेतात. चारचौघांत माझी साखर काढली. घेते मी इन्सुलिन, रोज घेते — ते औषध आहे, औषधाची भाजी थोडीच करतात?

कमळी गेली, पाठोपाठ माझा जितेश आणि क्षितिजा विरारला राहायला गेले. भांडून नाही गं — तिला काम जवळ पडतं तिथून. असं जितेश म्हणतो. आता तुला म्हणून सांगते, वांग्यांचं एवढं काही नव्हतं. ही कामावरून आली की खाली कमळीपाशी उकिडवी बसायची — गप्पा, हसणं, मला गॅलरीतून ऐकू यायचं. वर आली की काय, तर "जेवलात का, आई?" एवढंच. त्या मीटिंगमध्ये जितकं बोलली ना माझ्याशी, तितकं लग्न झाल्यापासून कधी बोलली नव्हती. माझ्याकडे बघून बोलत होती, अगदी समजावून — मला तर वाटलं, घरी येऊन अजून बोलेल. घरी आली ती बॅग भरायलाच बसली.

तुला भेटते का ती? परवा भेटली? बारीक झालीय का? — अच्छा. म्हणजे तिनेच पाठवलं तुला. कमळीसाठी.

आणि माझं काही विचारलं नाही?

बरं. सोसायटीचा निर्णय झालेला आहे, उन्नती. नीघ तू. दार ओढून घे.