दोन किलो जास्त

पॅसिफिकमधल्या किरितिमाती बेटावरून आठवड्याला एकच विमान सुटतं. रांगेत माझ्यापुढे तिनाई होती, तिची म्हातारी आई सोबत, आणि बॅग वजनाला लावत होता तेकिना.

“दोन किलो जास्त भरतंय, तिनाईताई.”

“आई, सुका मासा काढ.”

“मासा का? उपाशीपोटी बोलणार आहेस?”

“थांब, हे काय? हे ब्रिटिश सोल्जरांचं जुनं कांबळं तू कधी कोंबलंस यात?”

“तू आंघोळीला गेलीस तेव्हा.”

“अगं, न्यूयॉर्कच्या हॉटेलात पांघरूण मिळतं!”

“पांघरायला कुणी दिलंय? अणुबॉम्ब बंद करायच्या सभेला चाललीस ना? तिथे ने.”

“तिथे मला देशातर्फे बोलायचंय. भाषण लिहिलंय मी.”

“भाषण तुझं, कांबळं त्यांचं. मी अकरा वर्षांची होते. इथे बॉम्ब फोडून बघायचा होता, तर सोल्जरांनी टेनिसच्या मैदानावर बसवलं आम्हाला. म्हणाले, हे डोक्यावरून घ्या, डोळे मिटा, काही होत नाही. उजेड कांबळ्यातून आला, पापण्यांतून आला. माझ्याच बोटांची हाडं दिसली मला.”

“आजी, मग बॅगेतून काय काढू?”

“तिचे बूट काढ.”

“आई, ऐक. ज्यांनी हे दिलं, ते त्या सभेला येतच नाहीत. करारावर सहीच केली नाही त्यांनी.”

“एवढ्या मोठ्या हॉलात एखादी खुर्ची रिकामी असेल ना?”

“असेल.”

“मग तिच्यावर नीट घडी करून ठेव. म्हणावं, तुमचं कांबळं परत आणलंय. उपयोग झाला नाही.”